न विचारता सापडावं म्हणून

हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं येतं. एक माप सांगतं, दुसरं नमुना दाखवतं. "तीन सुती, दोन इंची, चार बोल्ट, नट-वायसर सकट," असं म्हणणारा माणूस फिटर नाहीतर मिस्त्री असतो. दुकानदार त्याच्यासमोर मान वर न करता सामान सरकवतो. मुठीत काहीतरी गच्च धरून आलेला आणि काउंटरवर मूठ उघडून "अस्साच पाहिजे" म्हणणारा म्हणजे आपण. आपल्या तळहातावर अर्धवट झिजलेला एक स्क्रू असतो आणि घामाने त्याच्या गंजाचा तांबूस डाग उठलेला असतो. दुकानदार तो चिमटीत धरतो, उजेडाकडे फिरवतो आणि वळून भिंतीवरच्या शेकडो खोक्यांतल्या नेमक्या एकावर हात ठेवतो. त्या खोक्यांवर बऱ्याचदा नाव नसतंच. आतल्या मालाचा एक नग तोंडाशी तारेने बांधलेला असतो. तोच त्याचा पत्ता.

नाशकात पहिल्या तऱ्हेचं गिऱ्हाईक पुष्कळ. बाहेरच्यांना नाशिक म्हटलं की गोदाघाट, काळाराम, द्राक्षं आठवतात. पण सकाळच्या पाळीचं एक नाशिक निराळंच आहे. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती भरत गेल्या आणि त्यांच्या आधाराने सिडकोची घरं उभी राहिली. त्या ओळीओळींत फिटर, टर्नर, वेल्डर राहायला आले. संध्याकाळी सायकली लागल्या की कुणाच्या तरी अंगणात हमखास एखादं बिघडलेलं यंत्र उघडलेलं असायचं आणि भोवती चार जण उकिडवे बसून सल्ले देत असायचे. त्यांची भाषा सुतात चालायची. इंचाचे आठ सूत. दोन सुती म्हणजे पाव इंच, चार सुती म्हणजे अर्धा. आम्ही पोरं अपूर्णांक शाळेत नव्हे, त्या अंगणात शिकलो.

माझे वडील, अण्णा, त्यांतलेच. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मोडलेलं टाकायचं, पण त्यातलं लोखंड काढून घेतल्यावर, हा त्यांचा नियम. पंखा गेला तर त्याचे स्क्रू राहत, स्टोव्ह गेला तर त्याच्या पिना राहत. हे सगळं हॉर्लिक्सच्या बाटल्यांत, डालड्याच्या डब्यांत, बिस्किटांच्या पत्र्याच्या पेट्यांत आणि कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्यांत जमा होई. पुढे आम्ही पाथर्डी फाट्याकडे रो हाऊस घेतलं, तेव्हा हा सगळा संसारही टेम्पोतून आला आणि पार्किंगच्या मागच्या भिंतीवरच्या फळ्यांवर बसला. एकाही बाटलीवर चिठ्ठी नव्हती. गरज नव्हती. "अण्णा, नळाचा वायसर?" असं घरातून ओरडलं की ते पेपरातून डोकं न काढता सांगत, "दुसरी फळी, डावीकडून चौथी. वरच्या थराखाली बघ." हात घातला की वायसर हाताला लागे.

ते गेले आणि बाटल्या जिथल्या तिथे राहिल्या. एकही हलली नाही, एकाही झाकणाला कुणी हात लावला नाही. तरी एका दिवसात त्या फळ्यांवरची सगळी शिस्त नाहीशी झाली. काल जे भांडार होतं ते आज भंगार झालं. तेव्हा ध्यानात आलं की ती शिस्त फळ्यांवर नव्हतीच. ती अण्णांच्या डोक्यात होती आणि त्यांच्याबरोबर गेली. आपल्या मागे उरतं त्यात वस्तू पुष्कळ असतात, पण त्यांचे पत्ते बहुधा आपणच घेऊन जातो. भंगारवाला दारावरून जाई तेव्हा आई त्याला थांबवत नसे आणि बोलावतही नसे. मी ठरवलं की या सगळ्याला एक कपाट करायचं. बाजारातून प्लास्टिकचे कप्पे आणून भागलं असतं. पण स्क्रू ठेवायची जागा स्क्रूनेच जोडलेली असावी, असा हट्ट मनाने धरला.

कपाट करायच्या आधी त्यात काय जाणार ते कळायला हवं, म्हणून फरशीवर जुनी चादर पसरून एकेक डबा पालथा केला. लोखंड ओतल्याचा तो आवाज आणि पाठोपाठ येणारा तेल-गंजाचा वास. खिळे, चुका, टेकस. लाकडाचे स्क्रू, पत्र्याचे स्क्रू. भिंतीतल्या गिट्ट्या, छताचे आकडे, स्प्लिट पिना, सर्क्लिप, स्प्रिंगा. आणि ज्यांची नावं मला ठाऊक नव्हती असे कितीतरी तुकडे. पहिल्या वाटणीत सगळं सोपं वाटतं. लांब इकडे, आखूड तिकडे. खरी गंमत नट आणि बोल्ट एकमेकांना लावून बघताना सुरू होते. दिसायला जुळे, पण नट दोन आटे जातो आणि अडतो. जोर लावला तर आटेच मरतात.

अडण्याचं कारण इतिहासात आहे. यंत्रयुगाच्या सुरुवातीला प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीने आटे पाडत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला चालेल याची खात्री नसे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमध्ये आट्यांचं प्रमाण मांडलं. आट्याचा कोन ५५ अंश, आणि कोणत्या जाडीला इंचात किती आटे, ते ठरलेलं. इंग्रजांच्या रेल्वेबरोबर आणि गिरण्यांबरोबर ते प्रमाण आपल्याकडे रुजलं. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक मापं स्वीकारली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. मेट्रिकचा आटा ६० अंशांचा. अडीच सुती बोल्टची जाडी भरते ७.९४ मिलिमीटर आणि एम आठची ८. बोटांना हा फरक कळणं शक्य नाही. पण पहिल्यात इंचाला १८ आटे, दुसऱ्यात दर सव्वा मिलिमीटरला एक. दोन आट्यांपर्यंत दोघं सभ्यपणे एकत्र चालतात, तिसऱ्याला भांडण.

चादरीवर ही दोन राज्यं वेगळी करताना अण्णांची नोकरीच माझ्यासमोर उलगडत गेली. जुन्या डब्यांत सूत-इंचाचं लोखंड जास्त, अलीकडच्यांत मिलिमीटरचं. त्यांच्या हातांनी ही सरहद्द ओलांडली होती आणि तोंडाने ओलांडली नव्हती. एम दहाचा बोल्ट उचलतानाही ते "तीन सुतीचा भाऊ" म्हणत. मेट्रिक बोल्टांच्या माथ्यावर ८.८ सारखे आकडे असतात, ते दशांश नव्हेत हेही त्यांनीच सांगितलेलं. पहिल्या आठाला शंभराने गुणायचं: तुटण्याआधी दर चौरस मिलिमीटरला इतके न्यूटन ताण तो सोसतो. दुसरा आठ सांगतो की त्यातला दहापैकी आठ भाग ताण होईपर्यंत सोडल्यावर तो मूळ लांबीवर परत येईल. त्यापुढे गेला तर ताणलेलाच राहील. आपली ताकद आणि आपली मर्यादा दोन्ही माथ्यावर लिहून फिरणारी वस्तू. तिच्याबद्दल कुणाला विचारायला नको.

एका लहान डबीत पितळी स्क्रू निघाले, आडव्या खाचेचे, माथा घासून गुळगुळीत झालेला. ते जुन्या नाशकातल्या वाड्यातले. लग्नानंतर अण्णा-आई काही वर्षं तिथे दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. वाडा उतरवला तेव्हा अण्णांनी आपल्या दाराच्या बिजागऱ्या मागून घेतल्या. बिजागऱ्या कुठेतरी लागून गेल्या, स्क्रू राहिले. पण त्या वाड्याच्या मूळ सांगाड्याला स्क्रू ठाऊकच नव्हता. आजही सराफ बाजारातल्या पेशवेकालीन सरकारवाड्यासारख्या जुन्या इमारतींचं लाकूडकाम पाहताना माझी नजर नक्षीवरून घसरून सांध्यांकडे जाते. वाड्यांच्या लाकूडकामात एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं, आरपार भोक पाडायचं आणि लाकडाचीच खुंटी ठोकायची. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. खुंटीही लाकडाची असल्यामुळे तीही त्याच्याबरोबर फुगते, आकसते. आणि खुंटी काढली की तुळई शाबूत हाती येते. म्हणून तर वाडे पडले तरी त्यांचं सागवान वखारीत उभं असतं आणि कुणाच्या तरी नव्या दाराची चौकट होतं.

सरकारवाड्यापासून चार पावलांवर तांबट आळी. तिथल्या हंड्या-घागरींच्या कड्यांना रिबिट ठोकलेलं असतं. रिबिट एकदा दोन्ही बाजूंनी फुलवलं की परतीची वाट बंद. काढायचं तर छिन्नीने उडवायचं. दिंडी दरवाज्यावरचे मोठ्या माथ्याचे खिळेही तसेच. ठोकणाऱ्याने दार कायमचं समजून ठोकले. पेचाचा स्वभाव निराळा. तो घट्ट बसतो, वजन पेलतो, आणि उलट फिरवला की निमूट बाहेर येतो. जोडणाऱ्याने जोडतानाच मान्य केलेलं असतं की हे कधीतरी उघडावं लागेल, आत काहीतरी बिघडेल, आणि उघडणारा कदाचित मी नसेन. दुरुस्तीवर विश्वास असल्याशिवाय स्क्रू वापरता येत नाही. हल्ली वस्तूंच्या पाठी चिकटवलेल्या असतात. उघडायला गेलं की तुटतात. त्या कारखानदारांनी तुमच्या-माझ्याविषयी एक मत करून घेतलेलं आहे. अण्णांच्या बाटल्या हा त्या मताला दिलेला जबाब होता.

मग कपाट. आठ बाय चारचे प्लाय आणले. पार्किंगमध्ये पावसाची झड आत येते, म्हणून खोक्याला अठरा मिलिमीटरचा ७१० मार्काचा वॉटरप्रूफ, कप्प्यांना बारा, तळाला आणि पाठीला सहा. पाच फूट उंच, तीन फूट रुंद, आणि खोली फक्त नऊ इंच. खोली कमी, कारण खोल कप्प्यात मागचं सामान मरतं. कप्पेही उथळ. लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. हौसेने मोठा खण केला आणि तो खिळ्यांनी भरला तर त्याला ओढायला पैलवान लागेल. इतक्या सगळ्या खणांना टेलिस्कोपिक चॅनल लावणं खिशाला झेपणारं नव्हतं, शिवाय प्रत्येक चॅनल दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच खातो. म्हणून उभ्या फळ्यांना आतून आडव्या खाची पाडल्या आणि खणांचे तळ दोन्ही बाजूंना थोडे बाहेर काढून त्या खाचींत सरकवले. खाचींत मेणबत्ती घासली. चॅनल नाही, चाक नाही, कुरकुर नाही.

प्लाय कापून देणारा मिस्त्री एकदा कौतुकाने बघायला आला. वयस्कर माणूस, कानावर पेन्सिल. मी अठराच्या प्लायच्या कडेत ड्रिलने बारीक भोक पाडत होतो. "बरोबर करताय दादा," तो म्हणाला. "कडेला तसाच स्क्रू घातला की प्लायचे थर फाकतात. आधी त्याला वाट करून द्यायची." मग थोडा वेळ बोटाने सांधा चाचपून म्हणाला, "आणि भिंतीला घट्ट पकडा बरं का. रिकामं उभं राहील, भरल्यावर दोन-चार खण एकदम ओढले की तोंडावर येईल." अँकर फास्टनरने कपाट भिंतीला बांधलं. लेव्हल लावून पाहिली. बुडबुडा मधोमध आला तेव्हा त्याने कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आता नावं घाला."

नावं घालणं सर्वांत अवघड निघालं. लोखंड मोजता येतं. पण कशाशेजारी काय ठेवायचं याचं माप नाही. मला जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांच्या केस आठवल्या. जुळाऱ्याला वारंवार लागणाऱ्या अक्षरांचे कप्पे मोठे आणि हाताजवळ, क्वचित लागणारी जोडाक्षरं दूर कडेला. तो वर्णमालेच्या क्रमाने गेला असता तर एक पान जुळवायला दिवस गेला असता. मीही क्रम हाताच्या सवयीवर ठरवला. छातीच्या उंचीला पाऊण, एक आणि दीड इंची लाकडाचे स्क्रू आणि गिट्ट्या, कारण घरात त्यांचीच हाक जास्त. त्याखाली एम सहा, एम आठ. सूत-इंचाचं सगळं उजव्या हाताला, त्या खणांना निळी पट्टी, म्हणजे नकळत कुणी व्हिटवर्थचा नट मेट्रिकवर पिळणार नाही. सर्वांत जड बोल्ट तळाला. एक खण बिननावाचा ठेवला. ज्याचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही अशा वस्तूंना घर नसेल तर त्या दुसऱ्यांच्या घरात शिरतात आणि चार दिवसांत सगळी वस्ती बिघडवतात. कोणत्याही चांगल्या वर्गीकरणात "इतर" नावाची जागा लागतेच, आणि ती लहान राहील याची काळजी लागते.

खणांवर लिहिलं: "एम ६ × २५", "८ नंबर × १ इंच". सुबक अक्षरं, सरळ रेघा. आईला बोलावून दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "छान झालंय. पण यातून कॅलेंडरचा खिळा कुठे शोधायचा ते कुणाला विचारू?"

त्या प्रश्नात चाळीस-पंचेचाळीस वर्षं होती. अण्णांची व्यवस्था उत्तम होती, फक्त तिचं दार त्यांच्यातून जात होतं. आकडा हवा, विचारा. वायसर हवा, विचारा. ते दुसऱ्या पाळीला गेले असतील तर नळ रात्रीपर्यंत गळू द्या. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण ज्याच्या डोक्यात घरातला पत्ता, त्याचा घरात मान, हे आपोआप होत गेलं होतं. मी तेच दार मिलिमीटरमध्ये पुन्हा बांधलं होतं, एवढंच. पाटी वाचता येणाऱ्यालाही ती कळणार नव्हती.

मग हार्डवेअरच्या दुकानातली रीत घेतली. प्रत्येक खणाच्या तोंडावर आतला एक नग पक्का केला: स्क्रू, वायसर, गिट्टी, आकडा. माप ज्याला लागतं त्याच्यासाठी खाली लिहिलेलं राहिलं. नमुन्यासाठी अक्षर लागत नाही, इंच लागत नाही, शेजारच्या पोराला मराठी येत नसेल तरी अडत नाही.

आईने मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. खालचे तीन खण तिने मागून घेतले आणि त्यांत स्वतःच्या हाताने सामान लावलं. तिची वाटणी जाडीची नव्हती, लांबीची नव्हती, वर्षाची होती. एका खणात मखराचे लांब बोल्ट, विंग नट, पडद्याची रिंग आणि माळांसाठीचे छोटे आकडे: गणपती. दुसऱ्यात सायकलच्या आणि शिवणयंत्राच्या किल्ल्या, तेलाची कुपी, ब्रश, कारण खंडेनवमीला हत्यारं पुसून पुजायची तेव्हा हे लागतं. अण्णा त्या दिवशी पाने-पकडी ओळीने मांडून हळदकुंकू वाहत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत एकाही हत्याराला हात लावू देत नसत. तिसऱ्यात आकाशकंदिलाची तार, होल्डर, केबलच्या क्लिपा. मी म्हटलं, "अगं आई, एकाच मापाचे आकडे दोन ठिकाणी झाले." ती म्हणाली, "असू दे. काम दोन आहेत ना?" यावर अभियांत्रिकीत उत्तर नाही. तिच्या खणांवरच्या पाट्याही तिनेच लिहिल्या, मोडी वळणाकडे झुकणाऱ्या तिच्या अक्षरात.

यंदा गणपतीत मी नेहमीप्रमाणे मखर बांधायच्या वेळेचा अंदाज घेऊन पार्किंगच्या बाजूला घुटमळत होतो. वरून हाक येईल, "अरे, ते लांब बोल्ट कुठे आहेत रे?" हाक आली नाही. जिना चढून गेलो तर मखर उभं होतं, भाचा विंग नट पिळत होता आणि आई खालून त्याला सांगत होती, "हाताने बसतो तितकाच, जोर नको." खण बाहेर ओढून आणलेला, त्यात उरलेले नट-वायसर जागच्या जागी. मला कुणी काही विचारलं नाही. क्षणभर बरं वाटलं नाही. पेपरातून डोकं न काढता "डावीकडून चौथी" म्हणण्यात अण्णांना काय मिळत असेल, ते त्या क्षणी मला पुरतं कळलं. मग आईनेच विचारलं, पण सामानाचं नव्हे. "उभा का राहिलास? चहा ठेव." कपाट बांधलं होतं ते याचसाठी. मी चहा ठेवायला गेलो.